दाढीचा पेला आणि त्यावरचे नाव

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांच्या खोड्या जरा अधिकच जाणवतात. इंग्रजांचा 'मग' आमच्या भाषेत आला खरा, पण ती जागा आमच्या 'मग'ने आधीच अडवलेली! 'मग मगात पाणी घेतले' असे फळ्यावर लिहिले, की वर्ग हसतो. म्हणून या लेखापुरता मी त्याला 'दाढीचा पेला' म्हणणार आहे.

असा एक पेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या जुन्या बाजारातून मला आणून दिला. पांढरी चिनी माती, अंगावर लोहाराची ऐरण आणि हातोडा, वर सोनेरी अक्षरांत नाव. तेही निम्मे झिजलेले. आमच्या सौभाग्यवतींच्या मते त्यात पेन्सिली छान राहतील. मला मात्र वाटले, ज्यासाठी वस्तू जन्मली ते काम तिला द्यावे. परंतु त्याआधी पेला वाचता आला पाहिजे. आणि वाचणे हा तर आमचा धंदाच!

१८७० ते १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या केशकर्तनालयांत भिंतीशी लाकडी फळ्यांचे कपाट असे आणि त्यात नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पेले ओळीने मांडलेले असत. ज्याचा पेला त्याचाच साबण. दुसऱ्याच्या साबणाने दाढीला पुरळ उठते, अशी लोकांची धास्ती होती. वस्तरा सर्वांना एकच असेल, तर नुसता पेला वेगळा ठेवून किती निभावणार, हा प्रश्न निराळा! पण आरोग्याच्या निमित्ताने आलेला पेला लवकरच मानाचा झाला. खाटीक, लोहार, दूधवाला, रेल्वेचा इंजिनवाला असे सारे आपापल्या धंद्याचे चित्र काढवून घेत आणि खाली किंवा वर आपले नाव.

हे कोरे पेले बहुधा जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया येथून येत आणि चित्र व नाव अमेरिकेत चढे. सेंट लुईस येथील कोकेन कंपनी या धंद्यातली नामांकित. म्हणून पेला हाती आला, की प्रथम तो उलटा करावा. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानुसार १८९१ पासून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. तेव्हा बुडाशी 'जर्मनी' असे छापलेले असेल, तर पेला बहुधा त्यानंतरचा. मात्र नाव नाही म्हणून तो जुनाच, असा निकाल देऊ नये.

मग भिंग घ्यावे. हाताने काढलेल्या चित्रात कुंचल्याचे फटकारे दिसतात. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात. खरा सोनेरी मुलामा कान आणि काठ येथे झिजतो, कारण बोटे तिथेच लागतात. सोने सगळीकडे लखलखीत असेल, तर सावध व्हावे. लबाडीचा आणखी एक प्रकार म्हणजे खऱ्या जुन्या पेल्यावर नवे चित्र काढणे. दुर्मिळ धंद्याच्या चित्राला किंमत फार येते ना!

इंग्लंड-अमेरिकेत दुसरी एक जात आढळते. तिला कोळशाच्या बादलीसारखी रुंद तोटी असते. पोटात गरम पाणी, तोटीतून ब्रश बुडवायचा, आणि वरच्या भोके असलेल्या ताटलीत साबण. जास्तीचे पाणी आपोआप खाली जाते. ही युक्ती मला फार आवडते.

आता वापर. नखाने हलकेच टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव. अशा पेल्यात पेन्सिलीच ठेवाव्या! थंड पेल्यात एकदम उकळते पाणी ओतू नये; आधी कोमट पाण्याने विसळावा. बुडाशी साबणाची वडी ठेवावी, ब्रश भिजवून निथळावा आणि अर्धा मिनिट गोल फिरवावा. फेस दाट झाला, की गालावर घ्यावा. काम झाल्यावर पाणी ओतून वडी वाळू द्यावी. पेला हातानेच धुवावा. घासणीने सोने जाते. आणि जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून त्यात चहा कदापि नको.

या पेल्यांचे दिवस जिलेटच्या पात्याने संपवले. १९०३ साली त्या कंपनीचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी वस्तऱ्यांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारनेच असे वस्तरे दिले. माणसे घरी दाढी करू लागली आणि दुकानातली फळी ओस पडली.

फळीवर नावे होती ती गिऱ्हाइकांची. फेस करणाऱ्याचे नाव त्यावर नसे. त्या काळी अमेरिकेत पुष्कळ न्हावी कृष्णवर्णीय होते. १८५८ साली गुलामगिरीत जन्मलेले अलोन्झो हर्न्डन यांनी अटलांटात झुंबरे लावलेले आलिशान केशकर्तनालय उभारले, १९०५ मध्ये विमा व्यवसायात पाऊल टाकले आणि ते शहरातल्या धनिकांत गणले गेले. पण त्यांच्या दुकानातल्या खुर्च्या गोऱ्या गिऱ्हाइकांसाठीच. मालकाच्या जातभाईला तिथे दाढी करून घेता येत नसे.

आपल्याकडे धोकटी घेऊन दारी येणाऱ्या नाभिकाची पितळी वाटी आळीभर एकच असे. तिच्यावर कोणाचेच नाव नव्हते, पण ओसरीवर कोणी कुठे बसायचे हे सर्वांना ठाऊक होते. अमेरिकेतल्या लोहाराला आपले नाव सोन्यात पाहावेसे वाटले, यात काहीच वावगे नाही. कष्टकरी माणसाचे नाव असे क्वचितच सोन्यात लिहिले जाते. म्हणून जुना पेला हाती आला, तर त्यावरचे नाव आदराने वाचावे. आणि ज्याचे नाव त्यावर नाही, त्याचीही आठवण ठेवावी.