नागरिकत्वाची शपथ आणि परतीची वाट

२०२२ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने साडेनऊ लाखांहून अधिक परदेशीयांना आपले नागरिकत्व दिले. त्यांत भारतात जन्मलेले सुमारे ६६ हजार होते. या बाबतीत मेक्सिकोच्या खालोखाल आपलाच क्रमांक लागला. त्याच वर्षी सर्व देश मिळून २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी येथील नागरिकत्व सोडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. असे आकडे प्रसिद्ध झाले की आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. ‘येथल्या पैशावर शिकले आणि देशाला पाठ दाखवून गेले’ हा एक सूर, तर ‘आपल्या माणसांनी तिकडे नाव काढले’ हा दुसरा. दोहोंत एक गृहीत मात्र समान आहे. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले त्याने मायदेशाचा हिशेब मिटवला, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत तपासून पाहावयाची तर नागरिकत्व देण्याघेण्याच्या त्या प्रक्रियेत प्रत्यक्षात काय घडते, हे आधी पाहिले पाहिजे.

अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा म्हणून जी ओळखली जाते ती वस्तुतः शेवटची आणि सर्वांत सोपी पायरी होय. खरी परीक्षा रांगेत होते. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, वर्षाला साधारण १ लाख ४० हजार जणांना मिळते. आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यातील सात टक्क्यांहून अधिक कार्डे सामान्यतः जाऊ नयेत, असे १९९० चा कायदा सांगतो. १४० कोटी लोकवस्तीच्या भारताला आणि एखाद्या चिमुकल्या बेटाला एकच माप! पुरवठा असा बांधून ठेवला आणि मागणी वाढत गेली की काय होते, हे अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. किंमत वाढते, येथे ती पैशांत न वाढता वर्षांत वाढते. ग्रीन कार्ड हाती आल्यावर पुढे आणखी पाच वर्षे थांबावयाचे (पती वा पत्नी अमेरिकन नागरिक असल्यास तीन). त्या पाच वर्षांतील निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर काढलेले असले पाहिजेत. एका दमात सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाल्याचा संशय घेतला जातो. वर्षभर राहिल्यास बहुधा हिशेब नव्याने सुरू होतो. पंचविशीत शिकावयास गेलेला तरुण मुलाखतीच्या खोलीत शिरतो तेव्हा त्याचे केस पिकलेले असतात ते यामुळे.

अर्जाचे शुल्क २०२४ च्या एप्रिलपासून ७६० डॉलर आहे. संगणकावरून अर्ज केल्यास ७१०. बोटांचे ठसे, पूर्वचरित्राची तपासणी आणि मग मुलाखत. अधिकारी प्रथम उजवा हात वर करावयास लावून खरे बोलण्याची शपथ देतो, आणि अर्जाचे एकेक पान उलटीत प्रश्न विचारतो. कर थकविला आहे काय? कधी अटक झाली होती काय? नागरिक नसताना मतदान केले होते काय? कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता काय? या संभाषणातच उमेदवाराच्या इंग्रजीची पारख होते. शिवाय तीनपैकी एक वाक्य वाचून व एक लिहून दाखवावे लागते. मग येतात इतिहास आणि राज्यव्यवस्थेवरील प्रश्न. शंभर प्रश्नांच्या प्रसिद्ध यादीतून दहा विचारावयाचे आणि सहा बरोबर आले की उत्तीर्ण, अशी पद्धत २००८ पासून रूढ होती. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना यादी १२८ प्रश्नांची झाली असून वीसपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. या यादीत अमेरिकेची अर्थव्यवस्था कोणत्या प्रकारची आहे, असाही एक प्रश्न आहे. ‘बाजारपेठी अर्थव्यवस्था’ एवढे म्हटले की गुण मिळतो. आमचे विद्यार्थी याच प्रश्नावर चार पाने लिहितात आणि तरीही गुण कमी पडल्याची तक्रार करतात.

वृद्धांसाठी सवलती आहेत. पन्नाशी उलटलेल्या आणि वीस वर्षे कायम वास्तव्य केलेल्या, किंवा पंचावन्न वर्षांच्या व पंधरा वर्षे वास्तव्य केलेल्या व्यक्तीला इंग्रजीची सक्ती नाही. दुभाषा घेऊन आपल्या भाषेत उत्तरे देता येतात. पासष्टीनंतर वीस वर्षांचे वास्तव्य असल्यास प्रश्नांची यादीही आखूड होते. एखादी मराठी आजी अमेरिकन संविधानाविषयी मराठीत बोलून त्या देशाची नागरिक होऊ शकते, हे येथल्या पुष्कळांना ठाऊक नसेल.

या मुलाखतीतील जो भाग सर्वांत रूक्ष मानला जातो तोच मला सर्वांत बोलका वाटतो. गेल्या पाच वर्षांत आपण देशाबाहेर किती वेळा गेलात, कोणत्या तारखेला गेलात, कोणत्या तारखेला परतलात, हे सर्व अर्जात भरावे लागते आणि अधिकारी ते तपासून पाहतो. माझ्या थोरल्या बहिणीने अर्ज केला तेव्हा तिची ही यादी मी वाचली आहे. एका ओळीत वडिलांचे अखेरचे दुखणे होते, दुसरीत त्यांचे वर्षश्राद्ध, तिसरीत आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया, चौथीत पुतण्याचे लग्न. कारणांसाठी तेथे रकाना नव्हता. रकाने होते ते तारखांचे. अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती दिवसांची बेरीज होती आणि ती बरोबर आल्यामुळे काम झाले. ही बेरीज चुकू नये म्हणून आईच्या शस्त्रक्रियेनंतर ताई तीन आठवड्यांतच परत गेली होती. पुढे आईजवळ मनासारखे राहता यावे, यासाठी तिला आधी आईपासून दूर राहणे भाग पडले.

याचा उलगडा कायद्यात आहे. ग्रीन कार्डधारकाला ‘कायम’ रहिवासी म्हणतात खरे. पण तो वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला तर त्याचे कार्ड धोक्यात येते. आगाऊ परवाना काढला तरी मुदत फार तर दोन वर्षांची. नागरिकाला हे बंधन नाही. तो दहा वर्षे साताऱ्यात राहिला तरी नेवार्कच्या विमानतळावर त्याला कोणी अडवीत नाही. साहजिकच, भारतात जास्त दिवस राहता यावे म्हणून अमेरिकन नागरिक झालेली कितीतरी माणसे मध्यमवर्गीय मराठी घरांत आढळतील. ज्यांना आपण देश सोडून गेलेले म्हणतो त्यांतील काहींनी ती शपथ घेतली, ती परतीची वाट मोकळी राहावी म्हणून.

आणि शपथ तर कसली! मुलाखतीत उत्तीर्ण होऊनही मनुष्य नागरिक होत नाही. शपथ उच्चारल्यावरच तो नागरिक होतो. समारंभाच्या दारातच ग्रीन कार्ड जमा करून घेतात. मग सभागृहातील सारे एका सुरात आजवरच्या परकीय निष्ठांचा संपूर्ण त्याग जाहीर करतात. त्यातील परकीय राजेरजवाड्यांविषयीचे शब्द १७९५ च्या कायद्यातून आलेले आहेत. नव्या प्रजासत्ताकाला युरोपातील राजनिष्ठेची धास्ती होती त्या काळचे. ज्याच्याकडे वंशपरंपरागत सरदारकीचा किताब असेल त्याला तो आजही जाहीरपणे सोडावा लागतो. प्रसंगी देशासाठी शस्त्र धरण्याचे वचनही शपथेत आहे. रोझिका श्विमर या हंगेरियन शांततावादी बाईंनी पन्नाशीच्या घरात असताना हे वचन देण्यास नकार दिला, तेव्हा १९२९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारले. हा दृष्टिकोन त्याच न्यायालयाने १९४६ मध्ये सोडून दिला. आता धर्मश्रद्धेच्या आधारे या वचनातून सूट मिळते.

शब्द एवढे कडक, पण व्यवहार निराळा आहे. शपथ घेतलेल्याचा जुना पासपोर्ट अमेरिका काढून घेत नाही. दुहेरी नागरिकत्वाकडे ती बहुतांशी काणाडोळा करते. भारतीय नागरिकत्व संपते ते भारतीय कायद्याने. आपल्या संविधानाचा ९ वा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाचे ९ वे कलम यांनुसार, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा त्या क्षणी भारताचा नागरिक राहत नाही. शपथेचा शेवटचा शब्द उच्चारला की दार बंद होते, आणि ते बंद होते आपल्या बाजूने. आपली भूमिका चूक आहे असे मी म्हणत नाही. फाळणीनंतरच्या त्या वर्षांत निष्ठेची वाटणी होऊ न देण्याला सबळ कारणे होती. परंतु दार आपणच लावावयाचे आणि बाहेर राहिलेल्याला कृतघ्न म्हणावयाचे, यात न्याय नाही.

नागरिकत्वाच्या कागदाला माणसे एवढी का जपतात, याचे उत्तर इतिहासातही सापडते. १७९० च्या कायद्याने स्वीकृत नागरिकत्व ‘स्वतंत्र गौरवर्णीय’ व्यक्तींपुरते ठेवले होते. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ते खुले झाले, हिंदी लोकांना नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांनी आपण आर्यवंशीय असल्याने गौरवर्णीयच ठरतो, असा दावा केला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वंशशास्त्रज्ञ काय म्हणतात हे गौण, सामान्य माणूस गौरवर्णीय कोणाला समजतो ते महत्त्वाचे, असा त्या निकालाचा आशय होता. (आर्यत्वाचा दाखला देऊन शेजाऱ्याहून वरचे आसन मागण्याची ही आपली जुनी खोड, हेही येथे म्हटले पाहिजे.) त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचा सपाटा सरकारने लावला. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी १९२१ मध्ये नागरिकत्व घेतले होते. ते हिरावले गेल्यावर १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. नावावरून मराठी वाचकांना जवळचे वाटतील असे सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियातील वकील थिंद यांच्या बाजूने उभे होते. त्यांचे स्वतःचे १९१४ चे नागरिकत्वही सरकारने रद्द करू पाहिले. पंडित लढले, आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो १९४६ च्या कायद्याने, आणि त्यातही वर्षाला फक्त शंभर जणांना देशात प्रवेश. त्या कायद्याचा लाभ घेऊन १९४९ मध्ये नागरिक झालेले दलिपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

तेव्हा नागरिकत्व हा निष्ठेचा दाखला आहे त्याहून अधिक तो विमा आहे, असे माझे मत झाले आहे. राज्यकर्त्यांची लहर फिरली, नियम पालटले, तर आपल्याला घराबाहेर काढता येऊ नये, यासाठी भरलेला तो हप्ता होय. मतदानाचा हक्क मिळतो. आईवडिलांना संख्येच्या मर्यादेवाचून बोलावून घेता येते, जे ग्रीन कार्डधारकाला मुळीच करता येत नाही. खर्चाची बाजूही लहान नाही. अमेरिका आपल्या नागरिकावर तो जगात कोठेही राहो कर आकारते; पुण्यात परतून निवृत्त जीवन जगणाऱ्यालाही तेथले विवरणपत्र दरवर्षी भरावे लागते. आणि भारताच्या बाजूने हाती काय राहते? २००६ पासून मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड. नावात ‘नागरिक’ हा शब्द आहे खरा, पण मत नाही, निवडणूक लढविता येत नाही, संविधानिक पद नाही. शेतजमीन वारशाने आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. उरलेले हक्क सरकारी अधिसूचनेने ठरतात आणि अधिसूचनेनेच आक्रसतात. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने संशोधन, पत्रकारिता अशा कामांसाठी या कार्डधारकांनाही विशेष परवानगी आवश्यक केली. ज्याला नागरिकत्व द्यावयाचे नाही त्याला नागरिक म्हणू नये. परवाना म्हणावे, आणि त्याच्या अटी संसदेच्या कायद्यात स्पष्ट लिहाव्यात. मायेच्या शब्दांनी माणसाची फसगत अधिक होते.

उलट दिशेची वाहतूकही विसरता कामा नये. फलटणला शाळा उभारणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी अमेरिकेचे, तर अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी बेल्जियमचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. द्रेझ २००२ मध्ये भारतीय झाले. स्वीकृत नागरिकत्वासाठी आपला कायदा सर्वसाधारणपणे एकूण बारा वर्षांचे वास्तव्य मागतो, आणि आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञानही. त्या अनुसूचीत इंग्रजी नाही, मराठी आहे. आपली शपथ अमेरिकेच्या शपथेपेक्षा पुष्कळ लहान आणि सौम्य आहे. संविधानावर निष्ठा ठेवीन, कायदे पाळीन, नागरिकाची कर्तव्ये पार पाडीन, एवढेच तीत आहे.

ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षे झालेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेल्या व्यक्तीला पुन्हा भारतीय नागरिक म्हणून नोंदणी मागता येते, अशी तरतूद १९५५ च्या अधिनियमाच्या ५ व्या कलमात आहे. ती फारशी कोणाला माहीत नाही. तिची अट अर्थातच परदेशी नागरिकत्व सोडण्याची. मुले तिकडे स्थायिक झालेल्या साठीच्या माणसाला ती जड जाते. मग तो कार्डावरच येथे राहतो, येथे कर भरतो, गल्लीतील गटारीबद्दल नगरपालिकेला अर्ज लिहितो आणि मतदानाच्या दिवशी घरी बसतो.