सरकी आपली, सरकी शेजाऱ्यांची

देशांची कल्पकता मोजणारा एक जागतिक निर्देशांक दरवर्षी निघतो. त्यात 2015 साली आपण 81 वे होतो, 2024 मध्ये 39 वे झालो. त्याच यादीत चीन 11, श्रीलंका 89, पाकिस्तान 91, बांगलादेश 106, नेपाळ 109. संशोधनावर आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांहून जास्त. झाली पार्श्वभूमी. आता पऱ्हाटीकडे वळतो. नागपुरात बसून शेजाऱ्यांशी तुलना करायची, तर कापसाइतकं चोख माप मला दुसरं दिसत नाही.

वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे. त्याआधीच, 1970 मध्ये, सुरतेला चंद्रकांत पटेल यांनी ‘संकर-4’ दिलं होतं. व्यापारी तत्त्वावरचं जगातलं पहिलं संकरित कापूस वाण. संध्याकाळी कळीतले पुंकेसर हातानं काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, तेही फुलाफुलाला. एवढे हात लावणं आपल्याला परवडलं. शोध अस्सल होता, पण संकराची सरकी पुन्हा पेरली की पीक एकसारखं येत नाही. दरसाल नवं पाकीट घ्यावं लागतं. यवतमाळकडचे एक काका मला म्हणाले होते, “बियानं दरसाली दुकानातलं, मंग वावर कोनाचं म्हनावं?”

चीननं सरकारी प्रयोगशाळेत गुओ सानदुई यांच्या चमूकडून बोंडअळीला मारणारा स्वतःचा बीटी जनुक करून घेतला आणि 1997 मध्ये शेतात उतरवला. आपल्याकडे बीटी 2002 मध्ये आलं. जनुक अमेरिकी मोन्सँटो कंपनीचा, संकर जालन्याच्या महिकोचे. मग नागपूरच्या संस्थेनं धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात बीटी आणलं. शेतकऱ्यानं घरचीच सरकी पेरावी, असं वाण! 2009 मध्ये ते शेतात गेलं आणि वर्ष संपता संपता विक्री थांबली, कारण त्यात मोन्सँटोचा जनुक मिसळलेला निघाला. काकांचा प्रश्न तसाच राहिला.

आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा यांगत्से नदीच्या खोऱ्यातला. तिथले शेतकरी पैसे वाचवायला बीटी संकराची दुसऱ्या पिढीची सरकी पेरू लागले. अशा सरकीत साधारण चौथा हिस्सा बीटी नसलेली झाडं उगवतात. त्यांच्यावर साध्या अळ्या जगल्या, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होत राहिला, आणि गुलाबी बोंडअळीचा बीटीला वाढू लागलेला प्रतिकार ओसरला. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी हे मांडलं. त्याच 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरून टाकली होती! काटकसरीतून निघालेली ही युक्ती कुठल्या निर्देशांकात बसवणार?

बांगलादेशाचंही तसंच. कापूस जवळपास पिकत नाही, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो जगात आघाडीवर. तिथल्या ‘देश गारमेंट्स’नं दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि 1979 मध्ये 130 जण शिकायला पाठवले. परतल्यावर त्यांतल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. यादीत मात्र हा देश 106 वा.

चीनमध्ये हेक्टरी 2,000 किलोच्या आसपास रुई निघते, आपल्याकडे 450 च्या घरात. चीनच्या शिंजियांगला प्लास्टिकखाली ठिबक आहे, विदर्भाला पाऊस, तेव्हा तुलना निम्मी अन्यायाची. उरलेल्या निम्म्यासाठी नागपूरची संस्था आता दाट लागवडीचे प्रयोग करते आहे. दाट पेरायचं तर एकरी सरकी कितीतरी जास्त लागते, आणि संकराच्या पाकिटाच्या भावात ते परवडत नाही.