पाचव्या बदामाची किंमत

1976 च्या कायद्याने गोव्यात सार्वजनिक जुगार निषिद्ध ठरविला आणि 1992 च्या दुरुस्तीने त्याच भिंतीला पंचतारांकित हॉटेलांपुरते दार पाडले. पुढे ते मांडवीतील नौकांपर्यंत रुंदावले. त्या कॅसिनोंतील पोकर स्वतःला बुद्धीचा खेळ म्हणवतो. हा दावा अगदीच पोकळ नाही. मात्र तेथे लागणारी बुद्धी ही आमचे तरुण समजतात ती नव्हे.

टेक्सासमधून आलेल्या 'होल्डेम' प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पाने झाकलेली असतात. सर्वांसाठी मध्यभागी प्रथम तीन, मग एक, मग अखेरचे एक पान उघडते आणि दर टप्प्यास पैसे लागतात. समजा, आपल्या हाती दोन बदाम आहेत आणि उघडलेल्या तिनांत आणखी दोन. पाचवा बदाम आला की बहुधा डाव आपला. न पाहिलेल्या 47 पानांत बदाम 9. मध्ये 100 रुपये असताना प्रतिपक्षाने 50 लावले, तर आपण 50 देऊन 150 साठी झगडतो. पुढच्या एका पानापुरता हिशेब केला, तर 47 खेपांत 38 वेळा 50 गमावून 1900 जातात, 9 वेळा 150 मिळून 1350 येतात. दर खेपेस सुमारे 12 रुपयांची खोट! दोन पाने यायची असल्याने संधी शेकडा 35 आहे, असे कोणी म्हणेल. ती आहेच, परंतु दुसऱ्या पानासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात आणि ती किंमत बहुधा प्रतिपक्ष ठरवितो.

ही खोट भरून निघायची, तर पाचवा बदाम आल्यावर प्रतिपक्षाकडून सरासरी आणखी 61 रुपये तरी निघाले पाहिजेत. येथेच बसण्याची जागा आडवी येते. चतुर्थीच्या रात्री पत्ते कुटणाऱ्या आमच्या घरांतही शेवटी पान टाकणाऱ्याचे सुख ठाऊक असते. पोकरमध्ये पाने उघडल्यावर ज्याला आधी बोलावे लागते, त्याला त्या डावात अखेरपर्यंत आधीच बोलावे लागते. मध्यभागी तिसरा बदाम पडला की तो सर्वांनाच दिसतो. आपण पैसे लावले, तर प्रतिपक्ष सावध होऊन पाने टाकतो. गप्प राहिलो, तर तोही गप्प राहतो. बदाम न आल्यास मात्र आपल्या मौनावर तो मोठी रक्कम लावतो. उलट, शेवटी बोलणाऱ्यापुढे सारे गप्प राहिले, तर त्याला पुढचे पान फुकट पाहता येते.

याला तोड नाही असे नाही. 1976 व 1977 चा जागतिक विजेता डॉयल ब्रन्सन याने अशा अपुऱ्या पानांवर स्वतःच चढाई करण्याचा पुरस्कार केला. पाने जुळण्यापूर्वीच प्रतिपक्षाने माघार घ्यावी, हा त्यातील हेतू. पण माघार घेणे ज्याच्या स्वभावातच नाही, त्याच्यापुढे ही चढाई फुकट जाते, आणि आमच्याकडील हौशी मंडळींत असे वीर थोडे नाहीत! म्हणून मुरलेला खेळाडू आधी बोलण्याच्या जागेवरून बदामाची सामान्य जोडी पहिल्याच फेरीत टाकून देतो. नवख्याला हा भित्रेपणा वाटतो.

शिवाय कॅसिनोचालक जिंकलेल्या डावांतून आपला हिस्सा काढून घेतो; वरील 12 रुपयांत तो धरलेला नाही.