‘नर्व्हस’ म्हणजे बळकट?

परीक्षेआधी तुम्ही ‘नर्व्हस’ होता. कुणी आगाऊपणा केला की तुम्हीच म्हणता, “व्हॉट अ नर्व्ह!” भित्र्यालाही नर्व्ह आणि धीटालाही नर्व्ह, हे कसं काय?

याचं मूळ ग्रीक ‘न्यूरॉन’मध्ये आहे. आज न्यूरॉन म्हणजे मेंदूतली पेशी. पण होमरच्या ग्रीकमध्ये न्यूरॉन म्हणजे कंडरा, मांस हाडाला बांधणारी चिवट दोरी. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलसने मानवी शवं उघडून अभ्यासली. मेंदू आणि पाठीच्या कण्यातून निघणारे, संवेदना आणि हालचालीशी जोडलेले पांढरे धागे त्याने वेगळे ओळखले. दिसायला ते कंडरेसारखेच, त्यामुळे जुनंच नाव त्यांना चिकटलं.

लॅटिनमध्येही ‘नेर्वुस’ म्हणजे आधी कंडरा, म्हणून बळ. सिसेरोने अमाप पैशाला युद्धाचं ‘नेर्वुस’ म्हटलं, आणि फ्रेंच माणूस आजही पैशाला ‘युद्धाचा नेर’ म्हणतो. जर्मनमध्ये मात्र कुणी डोकं खाल्लं की ‘डू नेर्फ्स्ट!’ इंग्रजीत तर गंमतच झाली. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या शब्दकोशात ‘नर्व्हस’चे दोन्ही अर्थ आहेत: बळकट, आणि कमकुवत नसांचा. त्यातला दुसरा टिकला.

आता आपल्याकडे या. संस्कृत ‘स्नायु’ आणि ‘न्यूरॉन’ एकाच मूळ धातूचे मानले जातात. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू सांगितलेत. फळ्या घट्ट बांधल्या की नाव भार पेलते, तसं शरीर स्नायूंमुळे, असा तिथला दृष्टान्त. म्हणजे तिथेही बांधणारी दोरीच! पुढे मात्र वाटा फुटल्या. मराठीत स्नायू म्हणजे मसल, बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. नर्व्हला आपण पुस्तकात ‘मज्जातंतू’ म्हणतो, आणि घरात सरळ ‘शीर’ किंवा ‘नस’. रक्तवाहिनीलाही तेच.

परदेशात आजीसोबत डॉक्टरकडे जाऊन दुभाष्याचं काम तुम्हालाच करावं लागतं ना? मग हे लक्षात ठेवा. आजी म्हणाली, “पायाची शीर दबलीय,” तर घाईने ‘व्हेन’ सांगू नका. आधी विचारा: मुंग्या येतात का? पाय बधिर होतो का? कळ कुठून कुठे जाते? आणि ती जे सांगेल तेच डॉक्टरांना सांगा. शब्दाने दोन हजार वर्षांत अर्थ बदलला तरी चालेल, दवाखान्यातल्या दहा मिनिटांत बदलायला नको.