मध्यरात्री नागपूरला भेटणारी चार विमानं

दोस्ता, पोंभुर्ण्याहून एसटीनं नागपूरला जायचं म्हटलं, की चार तास सहज जातात. चंद्रपूर, वरोरा, जाम... आणि मग कुठे नागपूर!

आता गंमत ऐक. पंचाहत्तर वर्षांपूर्वी साधारण तेवढ्याच वेळात एक विमान थेट कलकत्त्याहून, म्हणजे आजच्या कोलकात्याहून, नागपूरला यायचं. अंतर किती? सुमारे ९८० किलोमीटर!

आणि ते एकटं नसायचं. दुसरं यायचं दिल्लीहून, तिसरं मुंबईहून, चौथं मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून. चारही विमानं रात्री निघायची आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची.

त्यांच्या पोटात काय असायचं सांग बघू? पत्रं! थैल्याच्या थैल्या भरून पत्रं! ही होती रात्रीची हवाई टपाल सेवा. ती १९४९ साली सुरू झाली आणि १९७३ पर्यंत चालली.

आता खरी करामत. मुंबईचं विमान कलकत्त्याला जायचंच नाही! ते सकाळी परत मुंबईत हजर. मग मुंबईचं पत्र कलकत्त्याला जायचं कसं?

मधल्या सुट्टीत डब्यांचं काय होतं, आठव. तुझी भाजी मैत्रिणीच्या डब्यात, तिचं लोणचं तुझ्या डब्यात. आणि डबे? ज्याचे त्याच्या घरी! नागपूरला अगदी हेच चालायचं. विमानं आपापल्या घरी, थैल्यांची मात्र अदलाबदल. संध्याकाळी दिल्लीत असलेलं पत्र सकाळी मद्रासला!

पण भेटायला नागपूरच का?

वर्गातला भारताचा नकाशा गाठ आणि दोन दोरे घे. एक दिल्लीपासून चेन्नईपर्यंत ताण, दुसरा मुंबईपासून कोलकात्यापर्यंत. फुली कुठे पडली? नागपूरजवळ! दिल्ली ते चेन्नई हवाई अंतर सुमारे १,७६० किलोमीटर. नागपूरवरून गेलं तर? दिल्ली ते नागपूर साधारण ८५० आणि पुढे चेन्नईपर्यंत ९१०. कर बेरीज. पुन्हा १,७६०! म्हणजे नागपूरला थांबूनही वाट जवळजवळ वाकडी होतच नाही. मला तर हे अजूनही जादूसारखं वाटतं.

या कामाला डाकोटा नावाची पंख्यांची विमानं असायची. वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. मुंबई ते नागपूर हे ६८० किलोमीटर अंतर कापायला त्यांना अडीच-तीन तास लागायचे. आजचं जेट विमान वर पोचलं, की ताशी आठशेच्या आसपास पळतं. तरी मुंबई-नागपूर प्रवासाला जवळजवळ दीड तास लागतो! कारण धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, मग चढायचं, पुन्हा हळूहळू उतरायचं. पूर्ण वेगाची मजा फक्त मधेच!

अरे हो, दोरे काढू नकोस अजून. दिल्ली-चेन्नईचा दोरा नागपूरहून खाली कुठून जातो, बोट फिरवून बघ. चंद्रपूरच्या जवळून! आणि तिथून पूर्वेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आपलं पोंभुर्णा!