कार्बन-तंतूंचा चालकदंड

बेंगळूर शहराच्या वायव्य भागात मल्लेश्वरम नावाची जुनी वसाहत आहे. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांच्या नावाशी निगडित असलेले काडु मल्लेश्वराचे मंदिर येथेच असल्याने मराठी माणसाला ती अगदीच परकी नाही. या वसाहतीच्या लगत, 1909 साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. 1933 साली चंद्रशेखर वेंकट रामन या संस्थेचे संचालक म्हणून आले. त्यांचे ‘पंचवटी’ हे घर मल्लेश्वरममधलेच. बेंगळूरास आल्यानंतर 1934 साली त्यांनी भारतीय चर्मवाद्यांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. मृदंगाच्या किंवा तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा भार चढविल्यामुळे तिची कंपने परस्परांशी सुसंवादी कशी होतात, याचा उलगडा त्यात आहे.

या विवेचनाच्या मुळाशी निसर्गाचा एक साधा नियम आहे. प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची अशी कंपनाची गती असते. वस्तू ताणलेली किंवा ताठर असेल, तर ही गती चढते. ती जड असेल, तर उतरते. वाद्याला लागू पडणारा हा नियम मोटारीच्या पोटाखाली गरगर फिरणाऱ्या पोलादी नळीलाही तितकाच लागू पडतो, आणि आपला आजचा विषय ही नळीच आहे.

ज्या मोटारीचे इंजिन पुढे असते आणि मागची चाके गाडीला रेटतात, तिच्यात इंजिनाची शक्ती मागे पोचविण्याचे काम एक लांब दंड करतो. कारखान्यातील कारागीर त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. आपण त्याला चालकदंड म्हणू. वेगवान मोटारींची हौस असणारे काही लोक अलीकडे मूळचा पोलादी दंड काढून त्याच्या जागी कार्बन-तंतूंचा हलका दंड बसवितात. दंड हलका झाला म्हणजे गाडी अधिक चपळ होईल, अशी त्यांची अपेक्षा असते. या कामी बराच पैसा खर्ची पडतो. तेव्हा ही अपेक्षा कितपत खरी आहे, हे आपण थोडे गणित करून पाहू.

समजा, दंडाची नळी दीड मीटर लांब, 70 मिलिमीटर व्यासाची आणि 2 मिलिमीटर जाडीची आहे. पोलादाची असेल, तर तिचे वजन सुमारे 5.2 किलोग्रॅम भरेल. कार्बन-तंतूंची नळी तिच्या निम्म्या वजनाची झाली असे धरले, तर 2.6 किलोग्रॅमची बचत होते. शिवाय दंड फिरत असल्यामुळे त्याला फिरवण्यासाठीही थोडी शक्ती लागते. परंतु नळीची त्रिज्या लहान असल्याने हा वाटा अल्प आहे. दंड चाकाच्या चौपट वेगाने फिरतो आणि चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर आहे असे मानले, तर या बाबतीत होणारी बचत जेमतेम अर्ध्या किलोग्रॅमएवढी भरते. एकूण बचत झाली सुमारे 3 किलोग्रॅम. म्हणजे शाळकरी मुलाच्या दप्तराएवढी! 1,200 किलोग्रॅम वजनाच्या मोटारीला ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठण्यास 6 सेकंद लागत असतील, तर या बचतीमुळे सेकंदाचा सुमारे साठावा भाग वाचेल. चालकाने आपली पिशवी घरी ठेवली असती, तरी एवढा लाभ त्याला फुकट मिळाला असता.

मग कार्बनचा दंड केवळ हौसेची वस्तू आहे काय? तसेही नाही. त्याचा खरा गुण निराळाच आहे.

मुली दोरीवरच्या उड्या मारताना दोघीजणी दोरीची दोन टोके धरून ती फिरवितात, तेव्हा दोरीचा मधला भाग बाहेर फुगतो. फिरणाऱ्या दंडाचेही असेच होऊ शकते. कोणताही दंड कितीही काळजीने घडविला, तरी त्याच्या वजनाचा मध्य अक्षापासून केसभर ढळलेला असतोच. दंडाच्या फेऱ्यांचा वेग त्याच्या स्वतःच्या कंपनाच्या गतीशी जुळला, की ही केसभर चूक फेरीगणिक वाढत जाते. दंड दोरीसारखा वाकतो, सारी गाडी थरथरू लागते आणि प्रसंगी दंड तुटतोही. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. रँकिन या शास्त्रज्ञाने 1869 साली या प्रश्नाचा विचार केला होता आणि 1919 साली जेफकॉटने त्याची समाधानकारक उपपत्ती मांडली.

आपल्या पोलादी नळीचा क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे 5,300 फेरे येतो. वेगवान मोटारीचे इंजिन मिनिटाला 7,000 फेरे सहज घेते. तेव्हा हा अडथळा वाटेतच उभा आहे. नळीची लांबी निम्मी केली, तर क्रांतिक वेग चौपट होतो. म्हणून अनेक मोटारींत दंडाचे दोन तुकडे करून मध्ये आधार व सांधा देतात. मात्र त्यामुळे वजन वाढते आणि झिजणाऱ्या भागांची संख्याही वाढते.

येथे कार्बन उपयोगी पडतो. कार्बनच्या तंतूंवर राळ बसवून घडविलेल्या नळीचा लांबीच्या दिशेचा ताठरपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडा कमी ठेवला, तरी तिची घनता पोलादाच्या केवळ एक-पंचमांश असते. ताठरपणा आणि घनता यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर क्रांतिक वेग ठरत असल्याने तो सुमारे 7,800 फेऱ्यांपर्यंत चढतो. आधारावाचून अखंड दंड वापरणे शक्य होते. मधला आधार आणि सांधा गळाल्यावर वजनाची बचतही अधिक भरते. हलकेपणाचे खरे फळ हे आहे.

परंतु हा ताठरपणा आपोआप मिळत नाही. पोलाद सर्व दिशांनी सारखेच बळकट असते. तंतूचे बळ मात्र बांबूप्रमाणे त्याच्या लांबीतच असते. ओले धोतर पिळून पाहा. कापडावर पडणाऱ्या वळ्या तिरप्या असतात, कारण पिळाचा ताण तिरपा वाहतो. म्हणून पीळ सोसण्यासाठी काही तंतू 45 अंशांत दोन्ही बाजूंनी गुंडाळावे लागतात आणि क्रांतिक वेग वाढविण्यासाठी काही तंतू लांबीच्या दिशेने घालावे लागतात. एकाचा वाटा वाढविला, की दुसऱ्याचा कमी होतो. या दोहोंचा मेळ घालणे हेच रचनाकाराचे कौशल्य होय. शिवाय धातूच्या टोकांशी होणारा जोड भक्कम हवा. राळ उष्णतेने मऊ पडते, म्हणून धुराची तप्त नळी दूर हवी. आणि दगडाचा तडाखा बसला, तर वरून न दिसणारी फूट थरांच्या आत पडलेली असू शकते.

जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने 2014 सालापासून आपल्या एम3 आणि एम4 या मोटारींत कार्बनचा अखंड दंड वापरला. आधीच्या दंडापेक्षा तो 40 टक्के हलका होता. पुढे 2017 साली इंजिनाच्या धुरातील काजळी अडविणारी गाळणी बसविण्याची वेळ आली. कार्बनच्या दंडाचा व्यास मोठा असल्यामुळे जागा पुरेना, आणि कंपनीला पुन्हा पोलादाकडे वळावे लागले. उत्तम पदार्थही योग्य जागा मिळाली तरच उत्तम ठरतो, हे यावरून दिसते.

बेंगळूर शहरात त्या पदार्थाला अशी योग्य जागा लाभली आहे. येथूनच 4 जानेवारी 2001 रोजी प्रथम आकाशात झेपावलेल्या ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे 45 टक्के भाग अशाच तंतुमय पदार्थांचा आहे. विमानात वाचलेला प्रत्येक किलोग्रॅम सबंध उड्डाणभर उपयोगी पडतो. मोटारीत वाचलेला किलोग्रॅम कोठला आहे आणि तेथून कोणता अडथळा दूर झाला, हे आधी विचारावे लागते.

म्हणून कोणी आपल्या मोटारीत हलका दंड बसविण्याचा विचार करीत असेल, तर त्याने ‘तो किती हलका आहे?’ एवढेच विचारून थांबू नये. माझ्या गाडीचा दंड किती लांब आहे, त्याचा क्रांतिक वेग किती आणि इंजिन तेथवर पोचते काय, हे प्रश्न त्याने प्रथम सोडवावेत. उत्तर नकारार्थी आले, तर पैसा वाचेल. होकारार्थी आले, तर तो कशासाठी खर्च केला हे तरी नीट कळेल.