मेपलच्या रानातले डबे

४० लिटर रस आटवला की १ लिटर मेपल सिरप. ओंटारियोतल्या लॅनार्क काउंटीत एका मेपलच्या रानाच्या मालकीणबाईंनी हे गेल्या गेल्या सांगितलं, आणि मग जाता-येता सांगत राहिल्या. मी मात्र गेले होते ते तिथल्या झाडांत रेडिओ बसवलेत म्हणून.

मार्चमध्ये रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, असं हवामान आलं की रस सुटतो. खोडात भोक, भोकात तोटी, तोटीला प्लॅस्टिकची नळी. खाली पंप त्या नळ्यांतली हवा ओढत राहतो, म्हणून रस जास्त येतो. पण खारी नळ्या कुरतडतात. एवढंसं भोक पडलं तरी अख्ख्या लाइनचा व्हॅक्यूम जातो.

पूर्वी बाई बर्फात न रुतणारे जाळीचे जोडे घालून, फुसफुस ऐकत रानभर हिंडायच्या. आता प्रत्येक मोठ्या लाइनच्या वरच्या टोकाला रेडिओचा एक डबा आहे. तो व्हॅक्यूम मोजतो, आकडा शेजारच्या डब्याकडे पाठवतो, तो पुढच्याकडे. असं करत आकडा आटवणीच्या शेडमध्ये पोचतो. ओली खोडं रेडिओलहरी शोषून घेतात. वाय-फायच्या लहरी अशा झाडीत लवकर दमतात. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जरा लांब जातात. थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून डबा बहुतेक वेळ झोपलेला असतो. मध्येच उठतो, आकडा सांगतो, पुन्हा झोपतो.

फोन वाजला. एका लाइनचा व्हॅक्यूम पाऱ्याच्या २६ इंचांवरून १७ वर आला होता. आम्ही चढ चढलो. लाइन कुठली ते फोनला माहीत, भोक कुठंय ते नाही. बाई नळीतले बुडबुडे बघत चालल्या. ते जोरात पळत होते. टोपी वर करून त्या थबकल्या, आणि बोट ठेवलं ते नेमकं दातांच्या खुणांवर. तेवढा तुकडा कापला, जोड बसवला, बुडबुडे मंदावले. फोनवर अजून १७च.

"उठेल तो," त्या म्हणाल्या. "४० लिटरांत १ लिटर. डब्याची वाट बघत बसले तर काय उरेल?"

मला त्यांचंच पटलं. पण डबा नसता तर ही लाइन गळतेय हे त्यांना संध्याकाळी कळलं असतं, हेही खरं.

मग डबे वाढवत का नाही, असं विचारलं.

"बॅटऱ्या कोण बदलणार? तुम्ही येताय?"